पवित्र भूमीला न गेलेला शब्द

गेल्या खेपेला ‘सॉन्टर’ या इंग्रजी क्रियापदावर चार ओळी लिहिल्या होत्या. घाई नाही, कुठे पोचायची ओढ नाही, अशा चालण्याला इंग्रजीत सॉन्टर म्हणतात, आणि या शब्दाची व्युत्पत्ती पक्की लागलेली नाही, एवढंच त्यात होतं. पहिल्या भागावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या भागाने मात्र बऱ्याच जणांना डिवचलं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न घेते. त्यातले काही सॉन्टरचे, काही त्याच्या भटक्या भावंडांचे.

‘सॉन्टर’ची व्युत्पत्ती लागत नाही असं कसं म्हणता? आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात ती फिरते. मध्ययुगात लोक जेरुसलेमच्या यात्रेला निघायचे. कुठे चाललात विचारलं की फ्रेंचमध्ये ‘आ ला सँत तेर’, म्हणजे पवित्र भूमीला, असं सांगायचे. त्यावरून सॉन्टर. खाली जॉन म्यूर यांचं नावही असतं. — एक गिर्यारोहक, नाशिक

तो मजकूर माझ्याकडेही येतो, आणि दरवेळी त्याखाली हात जोडलेले असतात. म्यूर हे अमेरिकेतले निसर्गलेखक, आणि त्यांचं नाव अगदीच हवेतलं नाही. अल्बर्ट पामर यांच्या १९११ च्या पुस्तकात म्यूर यांच्याशी झालेल्या गप्पा आहेत. डोंगरात ‘हाइक’ करू नये, सॉन्टर करावं, असं म्यूर त्यात सांगतात आणि पुढे ही सँत तेरची गोष्ट जोडतात. पण गोष्ट म्यूर यांची नव्हे. त्यांच्या आधी अमेरिकेतल्याच कॉनकर्ड गावच्या हेन्री डेव्हिड थोरो यांनी चालण्यावरच्या व्याख्यानात ती सांगितली होती. हे व्याख्यान त्यांनी पहिल्यांदा १८५१ मध्ये दिलं आणि ते छापून आलं जून १८६२ मध्ये, म्हणजे थोरो गेल्यानंतर महिन्याभराने. थोरो यांनी तरी ती कुठून घेतली? सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातून, जवळजवळ शब्दाला शब्द.

आता जॉन्सन काय म्हणतात ते नीट बघा. एक तर हा शब्द पवित्र भूमीच्या नावाखाली भिक्षा मागत फिरणाऱ्या आळशी लोकांवरून आला असेल, किंवा ‘साँ तेर’वरून, म्हणजे ज्यांना जमीनजुमला, घरदार काही नाही अशांवरून. एकाच शब्दाचे दोन वेगळे बाप सांगितले, की समजावं, सांगणाऱ्याने अंदाज केलाय. थोरो यांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवून पहिला उचलला, कारण तो त्यांना भावला. लेखकाला ते शोभतं, कोशकाराला नाही.

मुख्य अडचण कालगणनेची आहे. पवित्र भूमी जिंकण्यासाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांची हाक दिली गेली १०९५ मध्ये, आणि १२९१ मध्ये तिथलं त्यांच्या ताब्यातलं एकर शहर पडल्यावर तो अध्याय संपत आला. सॉन्टर ‘रमतगमत चालणे’ या अर्थाने इंग्रजीत दिसायला लागतो तो १६६० च्या पुढे. मधली साडेतीनशेहून अधिक वर्षं हा शब्द कुठे होता? फ्रेंचमध्ये तर नव्हताच. या अर्थाचं, या घडणीचं क्रियापद फ्रेंच कागदपत्रांत सापडत नाही. इंग्रजीत पंधराव्या शतकात ‘सँट्रेन’ असं एक रूप आढळतं, पण त्याचा अर्थ तंद्रीत असणे, मनाशीच गुंगणे. त्यात चालणं नाहीच. हे दोन्ही शब्द मुळात एक असतील तर आधी मन भटकलं आणि पाय त्याच्या मागून गेले असं म्हणता येईल. मला ही कल्पना सँत तेरपेक्षा जास्त आवडते. पण ती मला आवडते, याला पुरावा म्हणून कवडीची किंमत नाही.

दुसरी गोष्ट अशी की पवित्र भूमीहून परतलेल्या यात्रेकरूसाठी इंग्रजीत शब्द नव्हता असं नाही. त्याला ‘पामर’ म्हणत. तिकडून येताना तो ‘पाम’ची, म्हणजे खजुराच्या जातीच्या झाडाची झावळी खूण म्हणून आणायचा, त्यावरून हे नाव. आपल्याकडे गळ्यातल्या तुळशीमाळेवरून वारकरी ओळखावा तसं. हे आडनाव आजही इंग्रजांत सर्रास आहे, वर ज्यांचं पुस्तक आलं त्या पामरांचंही तेच. आपल्या ‘दीन पामरा’शी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेही फिरू लागेल.

एवढं सगळं असून गोष्टीतली माणसं मात्र खरी आहेत. १३८८ मध्ये इंग्लंडात कायदा झाला, की मजुराने गाव सोडायचं तर शिक्क्याचं पत्र जवळ हवं, आणि यात्रेला निघालोय असं सांगणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. प्लेगच्या मोठ्या साथीनंतर माणसं कमी उरली होती, मजुरी वाढत होती, आणि जमीनदारांना मजूर बांधून ठेवायचे होते. यात्रेचं निमित्त सांगून सटकणारे असल्याशिवाय असा कायदा कोण करतं? लबाड यात्रेकरू खरे. हा शब्द त्यांचा आहे, याला मात्र कागद नाही.

मग ‘रोम’ शहरावरून इंग्रजीतलं ‘रोम’, म्हणजे भटकणे, हे तरी खरं ना? उच्चार तर तोच आहे. — एक विद्यार्थिनी, ठाणे

तेही नाही. आणि इथे फसायला सॉन्टरपेक्षा मोठा वाव आहे, कारण शेजारच्या भाषांत असे शब्द खरोखर आहेत. स्पॅनिशमध्ये ‘रोमेरो’ आणि इटालियनमध्ये ‘रोमेओ’ म्हणजे रोमचा यात्रेकरू. इटालियन कवी दान्ते यांनी तर यात्रेकरूंचे तीन वर्गच सांगितले आहेत: समुद्रापलीकडे पवित्र भूमीला जातात ते पामर, स्पेनमधल्या गॅलिशियाला जातात ते पिलग्रिम, रोमला जातात ते रोमेओ. शेक्सपिअरचा रोमिओ पहिल्या भेटीत ज्युलिएटला तीर्थस्थान आणि स्वतःच्या ओठांना यात्रेकरू म्हणतो. नाव माहीत असलं की तो संवाद आणखी खुलतो.

पण इंग्रजी भटकणारं रोम वेगळं. ते सुमारे १३०० पासून ‘रोमेन’ अशा रूपात मिळतं, आणि त्याची मुळं जुन्या इंग्रजीतल्या देशी धातूत असावीत असं कोशकार मानतात. मध्ययुगातल्या कवींनी दोन्हींवर कोट्या केल्या आहेत. एखाद्या शब्दावर कोटी होते याचा अर्थ कवीला कान होते, एवढाच.

ताडोब्याच्या गेटवर रोज जिप्सी आणि कँटर उभ्या असतात. मुलगा विचारतो, या गाड्यांची नावं अशी का? ‘जिप्सी’ म्हणजे भटके हे मला माहीत आहे. कँटरचं काय? — एक वनरक्षक, चंद्रपूर

चिरंजीवांना माझ्याकडून शाबासकी द्या. भटकंतीच्या शब्दांतला एक खरा आणि एक खोटा, असे दोन्ही तुमच्या गेटवर शेजारी शेजारी उभे आहेत.

कँटर हे मित्सुबिशीच्या ट्रकच्या मॉडेलचं नाव. तो आपल्याकडे आयशरमार्फत आला, आणि पुढे त्या आकाराच्या कुठल्याही उघड्या गाडीला लोक कँटर म्हणू लागले. मूळ इंग्रजी शब्द घोड्याच्या चालीचा आहे. दुडकीपेक्षा वेगळी नि भरधावीपेक्षा हळू, बसणाऱ्याला फार न हिसकवणारी अशी ती चाल. आणि हा शब्द खरोखर यात्रेतून आला आहे. कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बेकेट यांची २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये हत्या झाली. तीन वर्षांत ते संत झाले, आणि त्यांच्या समाधीला यात्रेकरूंची रीघ लागली. ती १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने समाधी उखडेपर्यंत चालू होती. घोड्यावरून निवांत येणाऱ्या या मंडळींची म्हणून जी चाल समजली गेली, ती ‘कँटरबरी चाल’.

तुम्ही म्हणाल, ही गोष्टही सँत तेरसारखीच गोड आहे, मग ही खरी आणि ती खोटी कशी? कारण इथे मधल्या पायऱ्या कागदावर आहेत. सतराव्या शतकात ‘कँटरबरी पेस’, ‘कँटरबरी गॅलप’ असं लिहिलेलं मिळतं. मग नुसतंच ‘कँटरबरी’. मग शेपूट तुटून अठराव्या शतकात ‘कँटर’. शब्द झिजताना दिसतो. सॉन्टरचं असं झिजणं कुणाला कुठे दिसलेलं नाही.

आता जिप्सी. यातली चूक पुरातन आहे. युरोपात आलेले हे भटके लोक इजिप्तचे, असा समज पसरला, आणि ‘इजिप्शियन’चं डोकं उडून ‘जिप्सी’ उरलं. इंग्लंडने १५३० मध्ये त्यांना हाकलण्याचा कायदा केला, त्याचंही नाव ‘इजिप्शियन्स ॲक्ट’. इजिप्तशी त्यांचा काही संबंध नव्हता. १७८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी त्यांची भाषा तपासली आणि ती भारतीय निघाली. मुलाला हे म्हणून दाखवा: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मानुष’. हे शब्द हजारेक वर्षं अर्ध्या जगातून फिरत राहिले, तरी ओळख पटते.

ते स्वतःला ‘रोम’ म्हणतात, अनेकवचनी ‘रोमा’. त्यांच्यापैकी अनेकांना जिप्सी ही शिवी वाटते, हेही मुलाला सांगा. आणि ठाण्याच्या विद्यार्थिनीने हा परिच्छेद वाचावा, कारण हा रोमही त्या शहरावरून नाही, भटकण्याच्या रोमवरून नाही, रोमानिया देशावरूनही नाही. तो आपल्या ‘डोम’ या शब्दाचा भाऊ आहे, ‘ड’चा ‘र’ झालेला. चार रोम, आणि त्यांतल्या फक्त दोघांचं, शहराचं आणि देशाच्या नावाचं, एकमेकांशी नातं.

आमचे वडील उशिरा घरी येणाऱ्याला ‘व्हॅगबाँड’ म्हणायचे. शब्दाचा अर्थ नुसता ‘भटका’ असेल तर त्यात एवढा राग कुठून आला? — एक निवृत्त कारकून, सातारा

लॅटिनमध्ये ‘वागारी’ म्हणजे भटकणे. त्यात राग नव्हता. त्याच धातूतून इंग्रजीला ‘व्हेग’, म्हणजे अर्थ एका जागी न थांबणारं, संदिग्ध, हा शब्द मिळाला, आणि ‘एक्स्ट्राव्हॅगंट’, म्हणजे हद्द ओलांडून भटकणारं, हाही. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात भुतांना हे विशेषण लावलंय ते उधळ्या या अर्थाने नव्हे, भटक्या या अर्थाने.

राग आणला कायद्याने. नेपोलियनशी युद्धं संपल्यावर इंग्लंडात बेकार सैनिक आणि मजूर रस्त्यांवर आले, आणि १८२४ चा व्हॅग्रन्सी ॲक्ट झाला. कुणी चोरी केली का, हे त्यात बघायचंच नव्हतं. उपजीविकेचं साधन दिसत नाही, इकडेतिकडे फिरतो, नीट जबाब देत नाही, एवढ्यावर माणूस ‘रोग अँड व्हॅगबाँड’, म्हणजे लुच्चा नि भटका, ठरून तुरुंगात जायचा. फिरणं हाच गुन्हा.

ही दृष्टी बोटीत बसून इकडे आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांत पुष्कळ भटक्या होत्या. त्यांना हजेऱ्या लावल्या गेल्या, तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवलं गेलं. सोलापूरकरांना अशा वसाहतीचा ‘सेटलमेंट’ हा शब्द वेगळा सांगायला नको. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. ‘भटके विमुक्त’ या आपल्या शब्दजोडीतलं ‘विमुक्त’ ते. तरी १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा उघडून बघा. भिकारी कोण, याच्या व्याख्येत उपजीविकेचं दिसेल असं साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही येतो. १८२४ चे शब्द १९५९ मध्ये, फारसे न बदलता. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या.

वडिलांना यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. कचेरीच्या इंग्रजीतून शब्द आला तो राग घेऊनच आला.

‘नाइट-एरंट’मधला ‘एरंट’ आणि ‘एरर’ एकच का? म्हणजे भटकणारा तो चुकणारा? — एक वाचक, बडोदे

दिसतात एक, आहेत दोन. ‘एरर’ लॅटिन ‘एरारे’वरून, म्हणजे वाट सोडून जाणे. साहसाच्या शोधात फिरणाऱ्या शिलेदाराचा ‘एरंट’ मात्र ‘इटर’, म्हणजे प्रवास, या शब्दावरून. जुन्या फ्रेंचमध्ये दोन्हींचे उच्चार एकमेकांत मिसळले आणि गोंधळ कायमचा झाला. मजा म्हणजे याच एरंटचं दुसरं रूप ‘ॲरंट’. ॲरंट थीफ म्हणजे आधी फिरस्ता चोर. मग लोक फिरणं विसरले आणि अर्थ उरला अट्टल चोर.

प्लॅनेट म्हणजे ‘भटक्या’ हे खरं आहे का? — इयत्ता आठवी, वाई

अगदी खरं. बाकीचे तारे एकमेकांपासूनचं अंतर सोडत नाहीत, हे मात्र त्यांच्यातून सरकत जातात, म्हणून ग्रीकांनी त्यांना भटके तारे म्हटलं. आपण त्यांना ‘ग्रह’ म्हटलं, म्हणजे धरणारे. ग्रीकांनी त्यांना फिरताना पाहिलं, आपण पकडताना. आता अभ्यासाला बस.

व्युत्पत्ती खरी की बनावट, हे घरबसल्या कसं ओळखावं? — एक गृहिणी, अलिबाग

अलिबागहून विचारताय म्हणून बोंबलाचंच उदाहरण घेते. सुक्या बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. का, तर तो मुंबईहून डाक गाडीने जायचा, डब्याला वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’, त्याचं झालं ‘डक’. किती छान! मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी एका वर्गात हे ठोकून दिलं होतं. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘बाई, गाडी कधी सुरू झाली?’ बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे मला पाठ होतं. आणि बॉम्बे डक हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतल्या इंग्रजी पुस्तकांत छापलेला आहे. गाडीच्या आधी गाडीवरून पडलेलं नाव. त्या तासाला मी पुढचा धडा लवकर सुरू केला.

तर पहिला प्रश्न तारखेचा: शब्द आधी की गोष्ट आधी? दुसरा, मधल्या पायऱ्या कुठे लिहिलेल्या आहेत का? आणि तिसरी शंका, गोष्ट फारच नेटकी आहे का? शब्द सहसा असे नेटके जन्मत नाहीत. सँत तेर पहिल्या दोन प्रश्नांत नापास आणि तिसऱ्यात शंभरपैकी शंभर.

मी अनुवाद करते. ‘ही सॉन्टर्ड इन’ या वाक्यावर दोन दिवस अडलेय. ‘रमतगमत आत आला’ लिहिलं तर संपादक म्हणतात, गोडुलं वाटतं. यात्रेवरून आलेलं एखादं मराठी क्रियापद आहे का? — पुणे

तुमच्या संपादकांचं बरोबर आहे. ‘रमतगमत’मध्ये वाटेतल्या गमतीजमती आहेत. सॉन्टर करत खोलीत येणाऱ्याला वाट नसतेच. त्याला उशीर झालेला असतो आणि त्याची त्याला पर्वा नसते. त्यात किंचित मस्ती आहे. जॉन्सन यांच्या काळी तर अर्थच ‘रिकामटेकडेपणाने भटकणे, रेंगाळणे’ असा होता. चालणं हा सुखाचा उद्योग झाल्यावर शब्दाला इज्जत आली. तुमचं पात्र कुठल्या शतकातलं, ते आधी बघा. अठराव्यातलं असेल तर ‘उंडारत’ चालेल.

मराठीत या बाबतीत नुसती चैन आहे. हिंडणं साधं, भटकणं थोडं मोकळं, उंडारणं आईच्या तोंडचं, वणवण पोटासाठीची, पायपीट दुसऱ्याने लादलेली. रपेट घोड्यावरून उतरून मोटरसायकलवर बसली. शतपावली जेवणानंतरची, आणि तिची पावलं कुणी मोजत नाही. ‘स्वैर’ तर मुळातच आपल्या मनाने जाणारा, स्व आणि ईर्. पण यातलं एकही सॉन्टर नाही.

यात्रेवरून आलेलं क्रियापद मला सुचत नाही. नाम मात्र आहे आणि ते रोज तुमच्या तोंडी असतं: वारी. पंढरीच्या वाटेवरून ते सुटलं आणि दिल्लीवारी, अमेरिकावारी, कोर्टाच्या वाऱ्या, मंत्रालयाच्या वाऱ्या असं कुठेही जाऊ लागलं. सॉन्टरबद्दल जी गोष्ट सांगतात, ती ‘वारी’च्या बाबतीत उघड्या डोळ्यांनी घडताना दिसते. कोर्टाच्या वाऱ्या करणाऱ्याच्या चालीत निवांतपणा नसतो, ही अडचण आहेच.

तुमच्या वाक्याला मी असं लिहीन: ‘तो सावकाश, हात खिशात घालून आत आला.’ मुळात खिसा नाही, ठाऊक आहे. संपादकांना विचारून बघा, खिसा चालेल का.